खेळाडू ते कोच: हातातलं काम सुटलं की पुढचं कसं धरायचं?



या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल तर हा लेख त्याची वही समजा. पाहिला नसेल तरी हरकत नाही, इथं सगळं सविस्तर दिलंय. नेहमीप्रमाणे पेन आणि वही जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

विषय निघाला एका फोनवरून. इस्लामपुरातल्या आपल्या कार्यशाळेला दोन वर्षांपूर्वी आलेला एक मुलगा. नाव सांगत नाही, त्यानं तशी विनंती केलीय. वय एकतीस. कॉलेजात असल्यापासून फुटबॉल वेडा. आपल्या भागात कबड्डी आणि कुस्तीचं वारं जास्त, फुटबॉल खेळायचा तर कोल्हापूर गाठायचं. हा पेठ नाक्यावरून मिळेल त्या गाडीनं कोल्हापूरला जायचा. तिथल्या एका तालमीच्या संघातून काही हंगाम खेळला. हजारो लोकांसमोर शाहू स्टेडियमवर गोल मारलेला पोरगा. मग गुडघा गेला. आता सकाळी एका कॉलेजच्या मुलांना फुटबॉल शिकवतो, महिन्याला थोडं मानधन मिळतं तेही सुट्टीत बंद, आणि दिवसभर भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.

फोनवर म्हणाला, "सर, घरचे म्हणतात शिट्टी फुंकून घर चालत नाही, पूर्णवेळ दुकानात बस. मला एकच सांगा, माझं खेळातलं करिअर संपलं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न फक्त फुटबॉलचा नाही. ज्या मेकॅनिकची पाठ धरलीय त्याचाही हाच प्रश्न आहे. ज्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना आता बारीक टाका दिसत नाही त्यांचा आहे. वीस वर्षं स्वतः भट्टीपुढं उभं राहिलेल्या आचाऱ्याचा आहे. हातानं काम करणाऱ्या प्रत्येकाचा हात कधीतरी थकतो. मग पुढं काय?

याचं उत्तर शोधायला आज आपण एका माणसाचं करिअर उघडून बघू. आपल्याच महाराष्ट्रातल्या, मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या माणसाचं. नाव, खालिद जमील.

आधी माणूस ओळखून घ्या

खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात आलं आणि मुलगा मुंबईत फुटबॉल खेळू लागला. मधल्या फळीतला खेळाडू. १९९७ च्या सुमारास महिंद्राच्या संघात, नंतर एअर इंडिया, २००२ पासून पुन्हा महिंद्रा युनायटेड. भारताच्या संघाकडूनही खेळले. २००५-०६ मध्ये महिंद्रा युनायटेडनं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्या काळात ते याच संघात होते.

२००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला. खालिद तिथं खेळाडू म्हणून गेले, पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. मैदानावर फारसं उतरताच आलं नाही. २००९ मध्ये खेळणं थांबलं आणि त्याच क्लबनं त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. वय तेव्हा बत्तीस.

आता वहीत एक आडवी रेघ मारा. रेघेच्या डाव्या बाजूला लिहा: खेळाडू, साधारण १२ वर्षं. उजव्या बाजूला लिहा: प्रशिक्षक, २००९ पासून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, म्हणजे उजवी बाजू तिथंच १६ वर्षांची झाली. दुसरी खेळी पहिलीपेक्षा लांब निघाली.

त्या पोराला मी पहिली गोष्ट हीच सांगितली. एकतीसाव्या वर्षी तुझी डावी बाजू संपलीय. उजवी अजून सुरूही झालेली नाही.

धडा १: काम येणं वेगळं, काम करून घेणं वेगळं

इथं माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवायचो. माझ्याकडं एक वेल्डर होता, असा हात की जोड कुठं आहे ते बोटानं चाचपूनही कळू नये. मी त्याला सुपरवायझर केलं. पगार वाढवला, टेबल दिलं. तीन महिन्यांत काय झालं? नवी पोरं चुकली की हा त्यांच्या हातातून होल्डर काढून घ्यायचा आणि स्वतःच करायचा. पोरं शिकली नाहीत, त्याचं सुपरवायझरचं काम झालं नाही, आणि शेवटी वैतागून तो सोडून गेला. माझा उत्तम वेल्डरही गेला आणि सुपरवायझरही. चूक त्याची नव्हती. मी त्याला नवं काम दिलं, पण ते काम म्हणजे काय हे कधी समजावून सांगितलंच नाही.

फुटबॉलमध्ये ही गोष्ट नियमानंच पाळावी लागते. सामना सुरू झाला की कोचला मैदानाच्या रेघेबाहेर उभं राहावं लागतं. समोर चेंडू चुकीचा जातोय, पाय शिवशिवतायत, पण आत जायला बंदी! जे काही शिकवायचं ते सामन्याआधी. सामन्यात हातात मुख्यतः तीन गोष्टी: कुणाला उतरवायचं, कुणाला बदलायचं आणि मध्यंतरात काय बोलायचं.

तुमच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये अशी रेघ आहे का? नसेल तर आखा. रोज एक तास ठरवा, त्या एका तासात तुम्ही कामाला हात लावायचा नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं. कोण कुठं अडतो, कोणती गोष्ट तीनदा विचारली जाते, कोणतं सामान शोधण्यात वेळ जातो. पहिले चार दिवस जीव कासावीस होईल. पाचव्या दिवशी कळेल की तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या धंद्याकडं बाहेरून कधी बघितलंच नव्हतं.

धडा २: भांडवल थोडं असेल तर आधी गोल खायचा थांबवा

मुंबई एफसीकडं मोठ्या क्लबांसारखा पैसा नव्हता. कोलकात्याचे आणि गोव्याचे क्लब महागडे परदेशी खेळाडू आणायचे. खालिद जमील यांनी २००९ ते २०१६, सात हंगाम, हा संघ सांभाळला. मोठी ट्रॉफी एकही नाही. पण एकदाही संघ आय-लीगमधून खाली घसरला नाही. बचाव घट्ट, शिस्त कडक, एक-एक गुण जमवायचा. काही जण म्हणायचे, खेळ बघायला मजा येत नाही. असेल. पण खेळाडूंचे पगार चालू राहायला संघ आधी लीगमध्ये टिकावा लागतो.

त्यांना २०१६ मध्ये क्लबनं बाजूला केलं. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तक्त्यात सगळ्यात खाली राहिला आणि लीगमधून बाहेर पडला. "नुसतं टिकवून ठेवण्याची" किंमत काय असते ते टिकवणारा माणूस गेल्यावर कळलं.

धंद्याच्या भाषेत सांगतो. गोल मारणं म्हणजे विक्री. गोल खाणं म्हणजे उधारी बुडणं, माल खराब होणं, मशीन बंद पडणं, ऑर्डर परत येणं. छोट्या धंद्यात आपण सगळे विक्रीच्या मागं धावतो. महिन्याला दहा हजारांची विक्री वाढवली आणि त्यातले वीस टक्के तुमच्याकडं उरत असतील तर हाती आले दोन हजार. पण महिन्याला दोन हजारांचा माल खराब होणं थांबवलं तरी हातात तेवढेच दोन हजार येतात, तेही जाहिरात न करता. दोन्ही करायचंच आहे. पण खिशात पैसा कमी असताना सुरुवात बचावापासून करा.

धडा ३: काढून टाकलं म्हणजे संपलं असं नाही

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग. मुंबईतून बाहेर पडलेल्या प्रशिक्षकाला काम दिलं मिझोरामच्या ऐझॉल एफसीनं. हा क्लब तेव्हा कुठं उभा होता बघा. २०१५-१६ च्या हंगामात तो आय-लीगमधून खाली घसरला होता. पण गोव्याचे धेंपे, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तीन क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत आत घेतलं गेलं. म्हणजे संघ नापास झालेला, आणि कोच कामावरून काढलेला. दोघांची गाठ पडली.

३० एप्रिल २०१७. शेवटचा सामना, शिलाँगमध्ये, लाजाँगविरुद्ध. ऐझॉलला विजेतेपदासाठी एका बरोबरीची गरज. सुरुवातीलाच लाजाँगनं गोल केला. मध्यंतरापर्यंत ऐझॉल मागंच. दुसऱ्या सत्रात विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि १-१ वर सामना संपला. १८ सामन्यांत ३७ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोहन बागानचे ३६. एका गुणानं ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदा देशाचा लीग विजेता झाला!

हे कसं झालं, यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, माणसं. खालिद यांनी ऐझॉलला जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू घेतले. मिझोरामची स्थानिक पोरं तर होतीच. वर मोजके परदेशी, त्यात सीरियाचा महमूद अल अम्ना. नव्या ठिकाणी सगळंच नवं घेऊन गेलात तर पहिले सहा महिने एकमेकांना ओळखण्यात जातात. दोन-तीन माणसं अशी हवीत ज्यांना तुमच्या कामाची पद्धत आधीच ठाऊक आहे. ती बाकीच्यांना शिकवतात. नवी शाखा काढताना जुन्या दुकानातला एक भरवशाचा माणूस तिकडं पाठवा असं मी नेहमी सांगतो, ते याचसाठी.

दुसरी, घरचं मैदान. २२ एप्रिलला ऐझॉलनं आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं, आणि शेवटी तोच सामना भारी ठरला. आपलं घरचं मैदान कोणतं? ज्या गल्लीत, ज्या गावात, ज्या प्रकारच्या गिऱ्हाइकांत तुम्हाला कुणी सहज हरवू शकत नाही ते. आधी ते पक्कं करा. इस्लामपुरात पाय रोवण्याआधी सांगलीत आणि पुण्यात शाखा काढायला निघालेले मी पाहिलेत.

धडा ४: मोठी पाटी म्हणजे मोठं यश नाही

ऐझॉलनंतर कोलकात्याच्या ईस्ट बंगालनं त्यांना बोलावलं. २०१७-१८ च्या हंगामात तिथं लीगचं विजेतेपद मिळालं नाही आणि एका हंगामात काम संपलं. २०१९ च्या जानेवारीत मोहन बागानची जबाबदारी आली, तीही काही महिन्यांचीच. देशातले जुने, सगळ्यात गाजलेले दोन क्लब. दोन्हीकडं बस्तान बसलं नाही.

इथं आपल्यातले बरेच जण खचतात. "एवढं मोठं काम मिळालं होतं, ते टिकलं नाही, आता लोक काय म्हणतील?" लोक म्हणायचं ते म्हणतात. खालिद जमील यांनी काय केलं? आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून काम घेतलं. देशाचं विजेतेपद मिळवलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली उभा राहिला.

२०२१ च्या जानेवारीत मुख्य प्रशिक्षकाला क्लबनं हटवलं आणि संघ तात्पुरता खालिद यांच्याकडं दिला. साखळीतले उरलेले सगळे सामने संघ न हरता खेळला आणि थेट उपांत्य फेरीत गेला. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकानं संघाला तिथवर नेण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी क्लबनं त्यांना कायम केलं. आयएसएलमधले पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक.

आणि पुढचा हंगाम? ११ संघांत दहावा क्रमांक.

हे मी मुद्दाम सांगतोय. प्रेरणादायी व्हिडिओत गोष्ट उपांत्य फेरीवर थांबते. खऱ्या करिअरमध्ये त्यानंतर दहावा क्रमांकही येतो. एक दिवाळी जोरात गेली म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट माल भरणाऱ्यांनी हा आकडा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवून ठेवावा.

धडा ५: कागद करून ठेवा

खालिद यांना २०२१ मध्ये संघ मिळाला, कारण ते तिथं हजर होते. पण नुसतं हजर असून भागत नाही. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायला आशियाई फुटबॉल महासंघाचं, म्हणजे एएफसीचं, प्रो लायसन्स किंवा त्या दर्जाची पात्रता लागते. त्यांच्याकडं ते होतं. संधी आल्यावर परीक्षेचा अर्ज भरायला गेले असते तर गाडी निघून गेली असती.

फुटबॉल कोचिंगची शिडी अशी आहे: सुरुवातीची ई आणि डी लायसन्स भारतीय फुटबॉल महासंघाची. त्यापुढं एएफसीची सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. एक पूर्ण करून, प्रत्यक्ष काम करून, मग पुढची. वेळही लागतो आणि पैसेही.

कॉलेजात नोकरी हवी असेल तर रस्ता वेगळा आहे, आणि इथं बरेच जण फसतात. महाविद्यालयात जी मंजूर जागा असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची. तिला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागतं. एखाद्या खेळाचा कोच म्हणून जे बोलावलं जातं ते बहुतेक वेळा मानधनावर. मैदानावर तुम्ही कितीही चांगले असा, मानधनाची जागा आपोआप कायम होत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा हा तिसरा रस्ता, सरकारी क्रीडा विभागातल्या नोकऱ्यांसाठी उपयोगाचा.

माझ्या त्या पोराकडं यातलं काहीही नव्हतं. होता तो फक्त जिंकलेल्या चषकांचा फोटो. मी म्हटलं, "फोटो घरात लाव. फाईलला लायसन्स लाव."

बाकीच्यांनी आपापल्या धंद्याचा कागद तपासा. खाद्यपदार्थ विकता तर अन्न परवाना आहे का? उद्यम नोंदणी केलीय का? मोठी ऑर्डर देणारा पहिल्यांदा कागद मागतो, चव नंतर बघतो.

धडा ६: सगळ्यात वर गेल्यावरही हार येते

२०२३ च्या शेवटी खालिद जमशेदपूरला गेले. २०२४-२५ मध्ये तो संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम सामना गोव्याकडून ०-३ हरले. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली. २०११-१२ मध्ये सावियो मेदेरा होते, त्यानंतर पहिल्यांदाच या जागेवर भारतीय माणूस.

पहिल्याच स्पर्धेत, ताजिकिस्तानमधल्या काफा नेशन्स कपमध्ये, भारतानं यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं आणि शेवटी ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. सगळीकडं कौतुक. सव्वा महिन्यानं, १४ ऑक्टोबरला, मडगावात सिंगापूरनं भारताला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडूनही हार.

तेव्हा "त्यांच्यासारखं व्हा, यश मिळेल" असं मी सांगणार नाही. मी एवढंच सांगतो की हा माणूस दर वेळी पुढच्या सकाळी सरावाला उभा होता. हरलेल्या सामन्यानंतरचा सराव हेच कोचचं खरं काम. आपल्याकडं त्याला म्हणतात, तोटा झालेल्या महिन्यानंतर एक तारखेला शटर वेळेवर उघडणं.

आता हिशोब: शिट्टीवर घर चालतं का?

घरच्यांचा प्रश्न खोटा नाही. म्हणून त्या पोराला घेऊन मी कागदावर बसलो. खालचे आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका.

लहान मुलांची एक बॅच, २० नावं. फी महिना ७००. कागदावर १४,००० होतात. पण वेळेवर फी देणारे १६ धरा, म्हणजे ११,२००. खर्च: मैदान २,५००, एक मदतनीस ३,०००, चेंडू आणि साहित्य ८००, प्रथमोपचार ३००. एकूण ६,६००. उरले ४,६००.

आता वर्षाचे महिने मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल. मार्चमध्ये परीक्षा. म्हणजे ९ महिने धरा. ४,६०० गुणिले ९, वर्षाला ४१,४००. बारा महिन्यांवर वाटले तर महिना ३,४५०. घरचे म्हणतात ते खरं, एका बॅचवर घर चालत नाही.

दोन बॅच केल्या तर? फी देणारे ३२, जमा २२,४००. मैदानाचं भाडं तेच २,५००, मदतनीस ५,०००, साहित्य १,३००, प्रथमोपचार ४००. खर्च ९,२००, उरले १३,२००. नऊ महिन्यांचे १,१८,८००, महिन्याला सरासरी ९,९००. मुलं दुप्पट झाली, उरणारा पैसा जवळजवळ तिप्पट. कारण मैदानाचं भाडं दुप्पट झालं नाही. वर्गात आपण याला स्थिर खर्च म्हणतो, तो हाच.

त्यात कॉलेजचं मानधन आणि दुकानातला अर्धा दिवस मिळवला तर दोन वर्षं निभावतं. आणि त्या दोन वर्षांत लायसन्सच्या दोन पायऱ्या चढायच्या. म्हणजे दुकान की मैदान असा प्रश्नच नाही, प्रश्न आहे किती तास दुकान आणि किती तास मैदान.

साहित्यातही एक बारकी गोष्ट. बारा वर्षांखालच्या मुलांना चार नंबरचा चेंडू द्या, अगदी लहानांना तीन नंबर. पाच नंबर मोठ्यांचा. लहान पायाला मोठा चेंडू दिला की मुलाला खेळ जमत नाही, चार दिवसांत ते येणं बंद करतं, आणि आपण म्हणतो आपल्या गावात फुटबॉलला मागणीच नाही!

पालकांशीही खरं बोला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे सांगा, मुलांना हुरूप येतो. पण "तुमचा मुलगाही खेळेल" असं वचन देऊन फी घेऊ नका. तब्येत, शिस्त, संघात राहायची सवय, एवढं नक्की देता येतं. जे देता येतं तेच विका.

गृहपाठ

१. तुमची आडवी रेघ मारा. डावीकडं हातानं केलेल्या कामाची वर्षं, उजवीकडं करून घेण्याच्या कामाची. उजवी बाजू शून्य असेल तर सुरू कधी करणार ती तारीख लिहा.

२. या आठवड्यात रोज एक तास कामाला हात न लावता बघा. पाच निरीक्षणं लिहा.

३. गेल्या तीन महिन्यांत "खाल्लेले गोल" मोजा. बुडालेली उधारी, खराब माल, परत आलेलं काम. प्रत्येकापुढं रुपये लिहा.

४. तुमच्या धंद्यातला पुढचा कागद कोणता? परवाना, नोंदणी, प्रमाणपत्र, जे असेल ते. एकच निवडा आणि त्याची फी आणि मुदत शोधा.

५. वरचा बॅचचा हिशोब स्वतःच्या धंद्याचे आकडे टाकून करा. कमाईचे महिने बारा धरू नका. पाऊस, परीक्षा, लग्नसराई, ऊसतोड, तुमच्याकडं जे असेल ते वजा करा.

शेवटी

कागदावरचा हिशोब झाल्यावर तो पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पण मैदानाबाहेर उभं राहून बघायला लई त्रास होतो ओ." मी म्हटलं, होणारच. ज्याला होत नाही तो चांगला खेळाडूच नव्हता. तो त्रास घेऊन रेघेबाहेर उभं राहता आलं तर कोच, नाहीतर तू जखमी खेळाडूच राहशील.

परवा त्याचा मेसेज आला. दुसऱ्या बॅचला सात नावं आलीत. सोळा व्हायला अजून नऊ हवीत. भाऊ सकाळी अकरापर्यंत दुकान एकटा बघायला तयार झालाय. डी लायसन्सच्या फीसाठी पैसे बाजूला टाकायला त्यानं वेगळा डबा केलाय.

सात म्हणजे सात. तिथून मोजायला सुरुवात करू.

गृहपाठ पूर्ण झाला की मला जरूर कळवा. पुढच्या भागात बघू, मदतनीस ठेवताना पहिल्या महिन्यात त्याला काय शिकवायचं आणि काय मुद्दाम शिकवायचं नाही.

तोपर्यंत, शटर वेळेवर उघडा.